चाळिशीनंतरची शपथ : अद्भुतकथेतील मध्यमवयीन धर्मयोद्धा

अद्भुतकथेतला धर्मयोद्धा हा शपथेने बांधलेला लढवय्या असतो. देवाला, संताला किंवा एखाद्या पवित्र तत्त्वाला तो आपली तलवार वाहतो आणि त्या बदल्यात निव्वळ सरावाने न मिळणारी शक्ती त्याला लाभते. स्पर्शाने जखम भरते, दुष्टाची चाहूल आधीच लागते, भीती वाटत नाही. शपथ मोडली की ही शक्ती जाते. इंग्रजी कथांमध्ये आणि त्यांच्यावर बेतलेल्या खेळांमध्ये त्याला पॅलाडिन म्हणतात. त्याची रूढ प्रतिमा तरुणाची आहे: नवे चिलखत, निष्कलंक मन आणि प्रश्न न पडलेली श्रद्धा. तरीही गेल्या चार दशकांत या प्रकारातले सर्वांत कसदार लेखन चाळिशी-पन्नाशीच्या धर्मयोद्ध्यांभोवती झाले आहे. शपथ घ्यायला एक सकाळ पुरते, पाळायला आयुष्य लागते. त्या आयुष्यात संस्था सडतात, सोबती मरतात, घर दुरावते आणि कधी देवही गप्प होतो. हे सगळे घडून गेल्यावर शपथेचे काय उरते, हा या पात्राचा खरा विषय आहे आणि विशीतल्या योद्ध्याकडे त्याचे उत्तर असू शकत नाही.

या पात्राची मुळे मध्ययुगीन फ्रान्समध्ये आहेत. दंतकथांमध्ये शार्लमेन राजाच्या बारा निवडक वीरांना पॅलाडिन म्हणत. इ. स. ७७८ मध्ये स्पेनच्या मोहिमेवरून परतताना पिरेनीज पर्वतातल्या राँसव्हो खिंडीत त्याच्या सैन्याच्या पिछाडीवर हल्ला झाला आणि सरदार रोलाँ मारला गेला. सुमारे तीनशे वर्षांनी रचल्या गेलेल्या ‘रोलाँचे गीत’ या काव्याने या चकमकीला धर्मयुद्धाचे रूप दिले. इतिहासातला शार्लमेन त्या वेळी तिशीत होता. काव्यातला शार्लमेन मात्र दोनशे वर्षांचा, पांढऱ्या दाढीचा सम्राट आहे. रोलाँ मरून अमर होतो आणि सम्राट मागे उरतो. शेवटी सूड उगवून थकलेल्या या म्हाताऱ्याच्या उशाशी देवदूत येऊन पुढच्या मोहिमेचा हुकूम सांगतो. सम्राटाला जायचे नसते, तो रडतो. पुढे शतकानुशतके तरुण रोलाँच्या नकला होत राहिल्या. या लेखाचा विषय असलेल्या पात्राचा पूर्वज मात्र तो रडणारा सम्राट आहे.

शपथेचा दुसरा साचा इतिहासातून आला. जेरुसलेममध्ये इ. स. १११९ च्या सुमारास स्थापन झालेल्या टेंपलर पंथाला ११२९ मध्ये त्र्वा येथील धर्मसभेने नियमावली दिली. या पंथातले लोक एकाच वेळी संन्यासीही होते आणि घोडेस्वारही. निर्धनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही त्यांची शपथ मरेपर्यंतची होती, त्यामुळे पंथात म्हातारे होणे हे ओघानेच आले. पंथ पुढे श्रीमंत झाला, राजांचा सावकार झाला आणि १३१२ मध्ये पोपने तो बरखास्त केला. शेवटचा महाप्रमुख जाक द मोले याला १३१४ मध्ये पॅरिसमध्ये जाळण्यात आले. अद्भुतकथांमधल्या जवळजवळ प्रत्येक धर्मयोद्धा-पंथावर या कहाणीची छाया आहे: एका व्रतासाठी जमलेली माणसे, त्यांनी उभारलेली संस्था आणि अखेरीस त्या संस्थेचेच ओझे.

तिसरा धागा लान्सलॉटचा. टॉमस मॅलरीच्या १४८५ मध्ये छापल्या गेलेल्या आर्थरकथेत पवित्र प्याल्याचा शोध लान्सलॉटचा मुलगा गॅलहॅड पूर्ण करतो. तो कोवळा, पापरहित आणि म्हणूनच विजयी आहे. बाप लान्सलॉट जगातला सर्वश्रेष्ठ योद्धा, पण आर्थरच्या राणीवरच्या प्रेमामुळे त्याला प्याल्याचे पूर्ण दर्शन होत नाही. त्यानंतर मॅलरी एक प्रसंग घालतो, ज्याचा आधार त्याच्या ज्ञात स्रोतांमध्ये सापडत नाही. अरी नावाच्या सरदाराच्या जखमा मंत्राने वाहत्या राहिल्या आहेत आणि जगातल्या सर्वोत्तम योद्ध्याच्या स्पर्शानेच त्या भरतील. दरबारातले सगळे प्रयत्न करून हरतात. लान्सलॉटला स्वतःचे पाप ठाऊक आहे, म्हणून तो कचरतो, पण आज्ञेपुढे हात पुढे करतो आणि जखमा भरतात. सगळे आनंदाने ओरडतात आणि लान्सलॉट मार खाल्लेल्या मुलासारखा रडतो. टी. एच. व्हाइटने १९४० मध्ये लान्सलॉटवर लिहिलेली कादंबरी याच प्रसंगावर संपवली. धर्मयोद्ध्याचा बरे करणारा हात आज खेळांच्या नियमपुस्तकात एक ओळ होऊन बसला आहे. त्याची सर्वांत खोल कथा मात्र ज्याची पात्रता संपली असे त्याला स्वतःलाच वाटते, त्या प्रौढ माणसाची आहे. टॉल्कीनच्या महाकादंबरीत आरागॉर्न लढाईनंतर जखमींना स्पर्शाने बरे करतो, तेव्हा त्याचेही वय अठ्ठ्याऐंशी असते. पण त्याच्या वंशाला दीर्घायुष्य असल्याने ते वय त्याच्या अंगावर दिसत नाही.

सर्व्हांतेसच्या डॉन किहोतेचाही उल्लेख इथे हवा. १६०५ मध्ये आलेल्या पहिल्या भागात नायक पन्नाशीला टेकलेला आहे आणि शौर्यकथा वाचून स्वतःच सरदारकीचे व्रत घेतो. उतारवय आणि पराक्रमाची शपथ एकत्र आली की हसू येते, हा ग्रह युरोपीय वाचकाच्या मनात त्याने रुजवला. १६१५ च्या दुसऱ्या भागात हसणाऱ्यांचाच क्रूरपणा उघडा पडत जातो, हे तितकेसे लक्षात घेतले जात नाही. पुढे ज्यांनी प्रौढ धर्मयोद्धा गंभीरपणे उभा केला, त्यांना आधी हा ग्रह पुसावा लागला.

आधुनिक पॅलाडिन घडला तो मात्र पत्रिकांतून आणि खेळातून. पॉल अँडरसनची ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ १९५३ मध्ये मासिकात आणि १९६१ मध्ये विस्तारित कादंबरी म्हणून आली. तिच्यात दुसऱ्या महायुद्धात लढणारा डेन्मार्कचा एक अभियंता शार्लमेनच्या दंतकथांच्या जगात जागा होतो आणि सुव्यवस्था व अराजक यांच्या लढ्यात आपण जुनाच वीर आहोत हे त्याला उमगते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पटाऐवजी कल्पनेवर चालणारा भूमिकाखेळ १९७४ मध्ये आला आणि १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने त्यात पॅलाडिनची भर घातली. अँडरसनचा प्रभाव त्यावर उघड आहे. १९७८ च्या नियमपुस्तकाने व्रत काटेकोर केले. मिळकतीचा दहावा हिस्सा दान करायचा, दहापेक्षा जास्त जादूच्या वस्तू बाळगायच्या नाहीत, सज्जनांखेरीज कोणाची सोबत धरायची नाही. सुव्यवस्थेविरुद्ध वागणूक झाली तर धर्मगुरूपुढे कबुली देऊन प्रायश्चित्त घेता येई. जाणूनबुजून दुष्कृत्य केले तर धर्मयोद्धेपण कायमचे जाई, परतीची वाट नसे.

या एका नियमाने पुढच्या कथांना कलाटणी दिली. पतन हा नियमच झाल्यामुळे खेळणाऱ्यांचे आणि लेखकांचे सगळे लक्ष तिकडे वळले: कोणत्या क्षणी, कोणत्या पेचात धर्मयोद्धा घसरेल? या कथा बहुधा तरुणांच्याच असत, कारण घसरण्यासाठी आधी उंचावर असावे लागते. कडक नियमाचा एक वाईट परिणामही झाला. अनेक खेळांत पॅलाडिन म्हणजे सोबत्यांना सदाचाराचे धडे देणारा कंटाळवाणा माणूस झाला. एलिझाबेथ मूनने ‘द डीड ऑफ पॅक्सेनारियन’ (१९८८-८९) ही कादंबरीत्रयी या चित्राला उत्तर म्हणून लिहिली. मून स्वतः अमेरिकी मरीन दलात काम केलेली, त्यामुळे तिची नायिका मेंढपाळाच्या घरातून निघून पायदळात कवायत, खंदक आणि रसद शिकते आणि फार उशिरा धर्मयोद्धा होते. पॅक्सेनारियन तरुणच आहे. पण २०१० ते २०१४ दरम्यान मूनने त्याच जगात आणखी पाच कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांत केंद्रस्थान तिच्या जुन्या वरिष्ठांना दिले: सैन्य सोडून राजा व्हावे लागलेला कीरी फेलान आणि पापी घराण्याची सूत्रे हाती घ्यावी लागलेली डॉरिन. तरुण नायिकेचे दैवी शौर्य पार्श्वभूमीला ठेवून, तिच्या कृत्याचे परिणाम निस्तरणाऱ्या प्रौढांवर मालिका उभी करणे हा धाडसी निर्णय होता आणि तो बराचसा सफल झाला.

खेळाच्या नियमांनी वयाचीही दखल घेतली आहे. २००० मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीनुसार माणूस ३५ व्या वर्षी मध्यमवयीन, ५३ व्या वर्षी वृद्ध आणि ७० व्या वर्षी अतिवृद्ध होतो. मध्यमवयात शिरताच बळ, चपळाई आणि काटकपणा एकेका अंकाने घटतात, तर बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव एकेका अंकाने वाढतात. साध्या लढवय्याला हा व्यवहार तोट्याचा. धर्मयोद्ध्याचे तसे नाही. या आवृत्तीत त्याच्या स्पर्शाची उपचारशक्ती, संकटातून तरण्याची दैवी कृपा आणि दुष्टावरचा नेमका घाव हे सगळे व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावावर चालते आणि मंत्र शहाणपणावर. म्हणजे हात जड होतो तसतसा त्याचा आशीर्वाद वाढतो. नियम लिहिणाऱ्यांनी हे ठरवून केले असेल वा नसेल, पण प्रौढ धर्मयोद्ध्याच्या कादंबऱ्या जे सांगतात ते इथे आकड्यांत उतरले आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत वयाचे हे फेरफार उरले नाहीत आणि तिने सदाचरणाची एकच चौकट मोडून निष्ठा, निसर्ग, सूड अशा वेगवेगळ्या शपथा दिल्या. त्यामुळे खेळ मोकळा झाला हे खरे. वयाचे वजन मात्र त्यात हरवले.

कादंबरीत मध्यमवयीन धर्मयोद्ध्याला लोकप्रिय केले ते डेव्हिड एडिंग्सच्या ‘एलेनियम’ त्रयीने. ‘द डायमंड थ्रोन’ (१९८९), ‘द रूबी नाइट’ (१९९०) आणि ‘द सॅफायर रोज’ (१९९१) या तिन्हींचा नायक स्पारहॉक हा चर्चच्या चार योद्धापंथांपैकी पँडियन पंथाचा सरदार आहे. वाचकाला तो पहिल्यांदा भेटतो तेव्हाच तरुणपण मागे पडलेले असते. नाक मोडलेले आहे, अंगावर जुन्या जखमांचे वण आहेत आणि सुमारे दशकभराची हद्दपारी भोगून तो पावसाळी रात्री सिमुरा शहरात परततो आहे. ज्या राणीचा रक्षक म्हणून तो नेमला होता, तिच्यावर विषप्रयोग झालेला असतो आणि मंत्राने तिला स्फटिकात बंद करून जिवंत ठेवलेले असते. त्या मंत्रात बारा पँडियन सरदारांनी आपले आयुष्य गुंतवले आहे. ठरावीक काळाने त्यांतला एकेक मरतो आणि त्याची तलवार मंत्र सांभाळणाऱ्या सेफ्रेनियाच्या हाती येते. प्रत्येक तलवारीबरोबर तिच्यावरचा भार वाढतो. बंधुत्वाच्या शपथेची किंमत इतक्या सरळ, मोजता येईल अशा रूपात क्वचितच कोणी मांडली असेल.

एडिंग्सचे खरे बळ रोजच्या तपशिलात आहे. स्पारहॉकचा घोडा चावरा आहे. त्याचा जुना सेवक कुरिक त्याला बिनदिक्कत बोलतो. त्याचे मित्र एकमेकांची उणीदुणी वीस वर्षांपासून ओळखतात. पंथाचे लोक देवाइतकेच धर्मपीठाच्या राजकारणात मुरलेले आहेत आणि तिसऱ्या भागाचा मोठा हिस्सा नव्या धर्मप्रमुखाच्या निवडणुकीतल्या मतमोजणीवर खर्च होतो. एलेन लोकांचा अधिकृत देव या सगळ्यात दूर आणि मुका राहतो. बोलते, हसते आणि मांडीवर येऊन बसते ती परक्या स्टिरिक लोकांची बालदेवता. आयुष्यभर एका देवाची सेवा केलेल्या माणसाला साहाय्य मात्र दुसऱ्याच्या देवाकडून मिळते. एडिंग्स या पेचाला पुरेसा खोल भिडत नाही, संवादांच्या चुरचुरीत तो त्याला निसटू देतो. तरुण राणी आणि तिला लहानपणापासून सांभाळणारा प्रौढ सरदार यांचा विवाहही आज वाचताना खटकतो. तरी थकवा, सवय आणि कर्तव्य यांतून शौर्य उभे राहते हे या त्रयीने लाखो वाचकांना पटवले.

संगणकखेळांत या पात्राची दोन रूपे लक्षणीय आहेत. पहिले बायोवेअरच्या ‘बॉल्डर्स गेट २’ (२०००) मधला केल्डॉर्न फायरकॅम. अथकातला नगरातल्या धर्मयोद्धा-पंथाचा हा ज्येष्ठ सरदार खेळणाऱ्याच्या तुकडीत येतो. पुढे तो घरी जातो तेव्हा उलगडते की तो सतत मोहिमांवर असल्याने पत्नी मारिया दुसऱ्या सरदाराकडे ओढली गेली आहे आणि दोन मुलींना बाप नीट माहीतही नाही. कायद्याप्रमाणे तो दोघांना न्यायासनापुढे उभे करू शकतो, तो त्याचा हक्क आहे. सल्ला खेळणाऱ्याने द्यायचा असतो. हक्क बजावला तर घर उद्ध्वस्त होते. क्षमा केली आणि पंथाच्या कामातून निवृत्ती घेतली तर संसार सावरतो, पण तुकडीतला एक भरवशाचा योद्धा जातो. वीस-पंचवीस वर्षे अव्याहत पाळलेल्या शपथेचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला, हा प्रश्न या लहानशा उपकथेने जितक्या थेटपणे विचारला तितका बहुतेक कादंबऱ्यांनी विचारलेला नाही.

दुसरे रूप ‘वॉरक्राफ्ट’च्या जगातला टिरियन फोर्ड्रिंग. या जगात पतनाची तरुण कथाही आहे. २००२ च्या ‘वॉरक्राफ्ट ३’ मध्ये राजपुत्र आर्थस हा धर्मयोद्धा रोगराई रोखण्यासाठी स्ट्रॅटहोम शहराची कत्तल करतो, गुरू उथरने नकार दिल्यावर त्याला झिडकारतो आणि अखेर शापित तलवार उचलून मृतांचा राजा होतो. टिरियनची वाट उलटी आहे. क्रिस मेट्झनच्या ‘ऑफ ब्लड अँड ऑनर’ या छोट्या कादंबरीत तो पन्नाशी ओलांडलेला, जमीनजुमला आणि कुटुंब असलेला सरदार आहे. एका म्हाताऱ्या शत्रूने, इट्रिग नावाच्या ऑर्कने, त्याचा जीव वाचवल्यावर तो त्याला न पकडण्याचे वचन देतो. ते वचन पाळण्यासाठी तो आपल्याच लोकांपुढे उभा राहतो, पंथ त्याला पदच्युत करतो, त्याच्याकडून प्रकाशाची शक्ती काढून घेतली जाते आणि पत्नी व मुलाला सोडून त्याला हद्दपार व्हावे लागते. पण मरणोन्मुख इट्रिगवर तो हात ठेवतो तेव्हा ती शक्ती परत येते. शक्ती देणारे-घेणारे पंथाचे अधिकारी नव्हते, हे त्याला आणि वाचकाला त्याच क्षणी कळते.

२००४ मध्ये सुरू झालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये हाच टिरियन रोगाने उजाड झालेल्या प्रदेशात नदीकाठी एकटा राहणारा संन्यासी म्हणून भेटतो आणि दुरावलेल्या मुलाला परत आणण्यासाठी खेळणाऱ्याची मदत मागतो. मुलगा बापाकडे यायला निघतो आणि वाटेतच मारला जातो. या शोकातून टिरियन पुन्हा पंथ उभारतो आणि २००८ च्या ‘रॅथ ऑफ द लिच किंग’ या विस्तारात आर्थसची शापित तलवार त्याच्याच हातून तुटते. तरुणपणी पडलेला आणि उतारवयात उठलेला असे दोन धर्मयोद्धे समोरासमोर येतात, हे या मोठ्या कथेचे उत्तम गणित आहे.

या संपूर्ण परंपरेत सर्वोच्च स्थान मात्र लोइस मॅकमास्टर ब्युजोल्डच्या पाच देवांच्या कादंबऱ्यांचे. मध्ययुगीन स्पेनवरून सुचलेल्या या जगात पिता, माता, पुत्र, कन्या आणि अनौरस असे पाच देव आहेत. त्यांना जड वस्तू हलवता येत नाही. माणसाने स्वतःहून वाट करून दिली तरच ते जगात शिरू शकतात. या एका अटीमुळे श्रद्धा ही देवाकडून मिळणाऱ्या शक्तीची मागणी राहत नाही. देवालाच माणसाची गरज पडते आणि माणूस नाही म्हणू शकतो.

‘द कर्स ऑफ चॅलियन’ (२००१) मधला काझारिल केवळ पस्तीस वर्षांचा आहे, पण वाचकाला तो म्हातारा वाटतो. किल्ल्याचा अधिकारी म्हणून वेढ्यात लढलेला, विश्वासघाताने गलबतावरचा गुलाम झालेला, पाठीवर फटक्यांचे वण घेऊन पायी परतणारा हा माणूस स्वयंपाकघरात काहीतरी काम मिळावे एवढीच आशा धरतो. त्याला राजकन्येचा शिक्षक आणि कारभारी नेमले जाते. राजघराण्यावर शाप आहे आणि एखाद्याने त्या घराण्यासाठी तीनदा प्राण दिले तरच तो सुटेल असे भाकीत आहे. तीनदा मरायचे कसे, हे कोडे ब्युजोल्ड अत्यंत संयमाने उलगडते. पहिला प्रसंग काझारिलने गलबतावर एका मुलाच्या वाट्याचा मार स्वतःवर घेतला तो, आणि त्याचा अर्थ त्याला स्वतःलाही पुष्कळ नंतर कळतो. दरम्यान कन्यादेवीच्या योद्धापंथाचे सेनापतिपद डोंडो या नीच दरबारी माणसाकडे गेलेले असते. पवित्र पद एकाकडे आणि पवित्र काम दुसऱ्याकडे, ही फारकत ब्युजोल्ड एकही प्रवचन न देता दाखवते. काझारिलला आपण संत होत आहोत याचे भान नसते. पोटात दुखते, घोड्यावर बसवत नाही, आणि तरी राजकन्येला सुरक्षित ठेवायचे असते.

‘पॅलाडिन ऑफ सोल्स’ (२००३) ने याहून मोठी उडी घेतली. तिची नायिका इस्टा ही त्याच राजकन्येची आई, चाळीस वर्षांची विधवा राणी. शापाच्या काळात दिसलेल्या गोष्टींमुळे जगाने तिला वेडी ठरवले आहे आणि शाप सुटल्यावरही नातेवाईक तिला प्रेमाने कोंडून ठेवतात. देवांवर तिचा राग आहे आणि तो साधार आहे: त्यांच्या इच्छेचा अर्थ लावताना तिच्या हातून एका माणसाचा जीव गेला होता. तीर्थयात्रेचे निमित्त करून ती घराबाहेर पडते. वाटेत अनौरस देव तिला गाठतो आणि माणसांना झपाटणारी भुते गिळून त्यांच्या जगात परत पाठवण्याचे काम तिच्यावर सोपवतो. इस्टा तलवार चालवत नाही. तिचे युद्ध पोरिफोर्स किल्ल्यात घडते, जिथे सरदार अऱ्हीस मेल्यानंतरही भुताच्या जोरावर चालता-बोलता ठेवला गेला आहे आणि त्याची कोवळी पत्नी त्याला सोडायला तयार नाही. अऱ्हीस त्याच माणसाचा मुलगा, जो इस्टाच्या जुन्या अपराधात बुडून मेला. त्याला योग्य मृत्यू देणे हे तिचे प्रायश्चित्तही ठरते आणि संतपदही. धर्मयोद्ध्याची परंपरेने ठरवलेली सर्व लक्षणे, म्हणजे तारुण्य, पुरुषत्व, शस्त्र आणि निःशंक श्रद्धा, ब्युजोल्डने एकेक करून काढून घेतली आणि तरीही जे शिल्लक राहिले ते आधीच्या कोणत्याही पॅलाडिनपेक्षा खरे वाटते. या कादंबरीला ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळाले. चाळिशीतल्या बाईचा राग हा साहसकथेचा विषय होऊ शकतो, हे त्यानंतर नव्याने सिद्ध करावे लागले नाही.

देव गप्प असेल तर काय, हा प्रश्न एडिंग्स आणि ब्युजोल्ड दोघांनीही हाताळला. देव मेलाच तर काय, हे विचारले टी. किंगफिशरने. या टोपणनावाने लिहिणाऱ्या अर्सुला व्हर्ननची ‘सेंट ऑफ स्टील’ मालिका ‘पॅलाडिन्स ग्रेस’ (२०२०) पासून सुरू होते आणि ‘पॅलाडिन्स स्ट्रेंग्थ’, ‘पॅलाडिन्स होप’ (दोन्ही २०२१) व ‘पॅलाडिन्स फेथ’ (२०२३) या भागांत पुढे जाते. पोलादाचा संत हा देव एके दिवशी अचानक मरतो. त्याचे धर्मयोद्धे युद्धज्वरात लढणारे होते आणि तो ज्वर आवरणारा देव गेल्यावर बहुतेक मारले जातात किंवा वेडे होतात. सात उरतात. श्वेत उंदराचे मंदिर त्यांना आसरा देते. या दुसऱ्या देवाचा धर्म लोकांच्या रोजच्या अडचणी सोडवणे हा आहे, म्हणून त्याच्या मंदिरात वैद्य आणि वकील असतात. देव गमावलेले हे योद्धे आता वैद्यांना वस्तीत सोबत करतात, पहारा देतात आणि मिळेल त्या कामात स्वतःला गुंतवतात.

पहिल्या भागाचा नायक स्टीफन मोजे विणतो. हे विणकाम गमतीसाठी आलेले नाही. आत सतत धुमसणाऱ्या ज्वराला हात कामात ठेवून आवरण्याचा तो त्याचा मार्ग आहे. या माणसांना आपल्या शरीराची भीती वाटते, प्रेमात पडण्याचीही वाटते, कारण तोल गेला तर समोरचे माणूस मरेल. किंगफिशर त्यांच्याभोवती प्रेमकथा रचते आणि प्रेमाच्या दुसऱ्या बाजूलाही तितकीच अनुभवी, पोळलेली माणसे ठेवते: नवऱ्याच्या जाचातून सुटलेली अत्तर बनवणारी ग्रेस, किंवा प्रेतांची तपासणी करणारा पायपर. युद्धातून परतलेल्यांच्या मनावरचे आघात हा विषय इथे कथेच्या गाभ्यात आहे. मालिकेचे दोष दिसतात. नायकांचा अपराधगंड एका भागातून दुसऱ्यात जवळजवळ तसाच येतो आणि प्रत्येकाचे संकोच सारख्याच चालीने सुटतात. पण शपथ घेणारा जिवंत आणि जिच्यापुढे घेतली ती शक्ती मृत, अशा वेळी शपथेचे बंधन राहते का, या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर ठाम आहे. ते सातजण आजही तशीच वागणूक ठेवतात, कारण दुसऱ्या कोणत्याही प्रकारे जगणे त्यांना पटत नाही.

किंगफिशरचीच ‘क्लॉकवर्क बॉइज’ (२०१७) आणि ‘द वंडर इंजिन’ (२०१८) ही जोडकादंबरी याआधीची. तिच्यातला कॅलिबन भुते काढणाऱ्या देवाचा नावाजलेला धर्मयोद्धा होता. भुतानेच त्याला झपाटले, त्याच्या हातून निरपराध माणसे मारली गेली आणि देवाचा आवाज बंद झाला. मेलेले भूत अजून त्याच्या डोक्यात कुजत पडले आहे. जिथून परत येण्याची आशा नाही अशा मोहिमेवर कैद्यांना पाठवले जाते, त्यात तो आहे. १९७८ च्या नियमपुस्तकाने जाणूनबुजून केलेल्या दुष्कृत्यासाठी कायमचे पतन ठेवले होते. कॅलिबनने जाणूनबुजून काहीच केलेले नाही आणि तरीही तो स्वतःला त्याच शिक्षेस पात्र समजतो.

या साहित्यात काही जागा अजून रिकाम्या आहेत. शरीराचे म्हातारपण बहुतेक लेखक एखाद्या दुखऱ्या गुडघ्यावर भागवतात. दृष्टी कमी झालेला, चिलखताचे वजन न पेलणारा, मोहिमेवर नको असलेला धर्मयोद्धा जवळजवळ लिहिलाच गेलेला नाही. टेंपलरांच्या नियमावलीने म्हाताऱ्या आणि दुबळ्या बांधवांची काळजी घेण्याचे बंधन घातले होते, कल्पित पंथांच्या नियमांत तसे कलम क्वचित दिसते. शस्त्र हाती असलेली, चाळिशी ओलांडलेली स्त्री मूनच्या डॉरिनपलीकडे फारशी केंद्रस्थानी आलेली नाही. किंगफिशरच्या सात योद्ध्यांमध्ये रेन आणि ज्युडिथ या दोन स्त्रिया आहेत, पण पहिल्या चार भागांत नायकपद चार पुरुषांकडेच गेले आहे.